छताच्या बदल्यात दार

आयुष्यभर मी लोकांच्या वस्तूंना नावं ठेवली, भाव पाडून मागितले, आणि लोकांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा पाजला. एकदाच असं काही मागितलं, ज्यात मला एका रुपयाचा फायदा नव्हता. त्या दिवशी मला हाताला धरून बाहेर काढलं. ही गोष्ट मी विसरलेलो नाही, आणि विसरावी असं मला वाटतही नाही.

माझा धंदा जुन्या लाकडाचा. कुठे जुनं घर पाडायला घेतलं की मालक मला फोन करतो. मी जातो, दारं, खांब, तुळया, खिडक्या पाहतो, सौदा करतो आणि माल अमरावतीला बडनेरा रोडच्या गोडाऊनमध्ये आणून टाकतो. धामणगाव रेल्वेजवळच्या खेड्यातून मी अमरावतीला आलो तो आरा मशीनवर फळ्या उचलायला. मला कोणी बोट धरून काही शिकवलं नाही. लाकूड टिचकी मारून ओळखायला शिकलो, मग माणूस ओळखायला. या धंद्याचा पहिला नियम असा की वस्तू आवडली की चेहरा पाडायचा. मालकासमोर तिचं कौतुक केलं की भाव चढलाच म्हणून समजा. त्यामुळे माझा डोळा सगळ्यात आधी खोट शोधतो. कुठे भेग आहे, कुठे वाळवी लागली आहे, कुठला तुकडा मागाहून बसवला आहे. बायको असताना ती म्हणायची, "तुमी मले पाहाले आले तवाई असंच पाह्यलं होतं." खरं होतं ते. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मुसलमानी कारागिरीचा नाद मला लागला तो या खोटी शोधण्यातूनच. अचलपूरला एका जुन्या घराचं पाडकाम चाललं होतं. माडीवर एक सागवानी जाळी होती, दाराएवढी उंच. माझ्या माणसाने तिला पहार लावली आणि मी जिन्यातूनच ओरडलो. त्या जाळीत एकही खिळा नव्हता. बोटाएवढे लहान लहान तुकडे एकमेकांत खाचेने बसवलेले, त्यातून चांदण्या झालेल्या, चांदण्यांमधून षटकोन. अशी जाळी एकही तुकडा न मोडता निघाली तरच तिला किंमत. मी तिच्यासमोर उकिडवा बसून राहिलो. जो तुकडा सगळ्यात शेवटी बसवला असेल तो आधी निघेल, एवढं मला समजत होतं; पण तो कोणता, ते काही केल्या दिसेना. दुपार गेली. मग एका कोपऱ्यात एक चांदणी जरा अरुंद दिसली. तिच्यातला एक तुकडा अंगठ्याने दाबला आणि तो हातात आला. त्यानंतर सगळी जाळी संत्र्याच्या फोडी सुटाव्यात तशी सुटली.

सुटली खरी, पण गोडाऊनवर आल्यावर ती परत जुळेना. फरशीवर तुकडे पसरून मी रोज संध्याकाळी बसायचो. माझ्याकडच्या सुताराने हात टेकले. म्हणून मी राजापेठेत स्टेशनरीच्या दुकानात गेलो आणि कंपास पेटी मागितली. क्लासच्या पोरापोरींची गर्दी होती. दुकानदार म्हणाला, "नातवाले का, काका?" मी म्हटलं, "हो." माझा नातू हैदराबादला असतो आणि त्याला माझ्याकडून कंपास पेटी नको आहे.

त्या पेटीने मला वेड लावलं. कर्कटकाने एक गोल काढा. कर्कटक जराही न हलवता त्याच गोलावर पावलं टाकत जा. बरोबर सहा पावलांत तुम्ही निघालात तिथेच येऊन पोचता. पट्टी नको, आकडा नको. त्या सहा खुणा जोडल्या की षटकोन, मधे मधे फोडल्या की बारा टोकांची चांदणी. आयुष्य आकड्यांत घालवलेल्या माणसाला हे पाहून काय वाटलं ते मी कोणाला सांगू शकलो नाही, कारण सांगायला कोणी नव्हतं. जाळी जुळली. गिऱ्हाईक आलं तेव्हा मी तिचा भाव इतका चढवून सांगितला की ते परत आलं नाही.

मग मी रविवारी फिरायला लागलो. अचलपूरच्या जुन्या कबरी, तळ्यातली हौज कटोरा ही अष्टकोनी इमारत, नरनाळा किल्ल्याच्या मोठ्या दरवाजावरची दगडात कोरलेली अक्षरं. ती मला वाचता येत नाहीत, पण एक अक्षर दुसऱ्याला जागा कशी करून देतं ते दिसतं. डबा बरोबर घ्यायचा, सावली पाहून बसायचं, वहीत रेघा ओढायच्या. आमच्या चहाच्या ठेल्यावर ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. एक जुना मित्र सगळ्यांसमोर म्हणाला, "काय बे, आता कव्वालीबी शिकून राहिला का? आपले देवळं सरले का पाहाचे?" सगळे हसले. मी म्हटलं, "तुह्या घरचा देव्हारा मीच विकला तुले, फाटलेला. तो पाह्य आधी." तेव्हापासून त्या ठेल्यावर जाणं सुटलं. मुलाला फोनवर सांगायचा प्रयत्न केला, तर तो म्हणाला, "पप्पा, चांगलं आहे, मन गुंतलेलं असलेलं बरं." डॉक्टर बोलतात तसं.

अमरावतीत जुन्या वास्तू पाहणारं एक मंडळ आहे. शिकलेले लोक. त्यांनी एकदा हॉलमध्ये व्याख्यान ठेवलं होतं, वऱ्हाडातल्या मुसलमानी इमारतींवर. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बोलणाऱ्या बाई कॉलेजात शिकवायच्या आणि त्यांना खरंच पुष्कळ माहीत होतं, हे मी कबूल करतो. चौकोनी खोलीवर गोल घुमट कसा बसवतात, कोपऱ्यात कमानी घालून चौकोनाचा आधी अष्टकोन कसा करतात, ते त्यांनी इतकं स्वच्छ समजावलं की मी मान हलवत होतो. मी एक प्रश्न मनात घोळवून ठेवला होता, त्या अरुंद चांदणीचा. कारागिराकडून चूक होते की तो मुद्दाम तशी करतो? शेवटी विचारायचं ठरवलं होतं.

शेवटाच्या थोडं आधी पडद्यावर एक फोटो आला. पत्र्याचं शेड, त्यात उभी करून ठेवलेली दारं, खांबांचा ढीग. बाई म्हणाल्या, "आणि आपला वारसा शेवटी इथे येऊन पडतो." लोकांनी जिभेने च्यक् च्यक् केलं. ते माझं गोडाऊन होतं. फाटकाचा निळा रंग मी स्वतः दिला आहे.

मी उठलो नाही, कारण उठलो असतो तर लोकांनी ओळखलं असतं. घर मी पाडत नाही, मालक पाडतो. मी पोचतो तेव्हा छप्पर उतरलेलं असतं. मी नसतो तर ती जाळी वीटभट्टीत गेली असती. हे सगळं मला तिथे म्हणायचं होतं. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा एका मुलीने घुमटाच्या विटांबद्दल विचारलं आणि मी चपला घालून निघालो. फोटो काढायला तुम्ही कधी आलात, मला का नाही विचारलं, मी चहा पाजला असता, हे आजही आंघोळ करताना मी मोठ्याने बोलतो.

एवढं सांगितलं ते यासाठी की पुढे मी दर्ग्यावर का भडकलो ते कळावं.

अकोल्याहून बाळापूरच्या बाजूला एका गावाबाहेर एक लहान दर्गा आहे. तिथल्या कमिटीच्या सेक्रेटरीचा मला फोन आला. उर्दू शाळेतला तरुण मास्तर. "जुनं दार काढाचं हाय, सेठ. उरुसाच्या आधी. येऊन पाहून घ्या." मी अकोल्याला उतरून रिक्षाने गेलो. कपाशीच्या वावरांच्या मधे एक चौकोनी खोली, वर घुमट, बाहेरून चुन्याचे थरावर थर. दाराशी सेक्रेटरी आणि एक म्हातारे उभे होते. म्हाताऱ्यांना सगळे चाचा म्हणत. गाद्या-रजया भरायचं त्यांचं दुकान होतं आणि दर्ग्याची झाडलोट, दिवाबत्ती त्यांच्या घराकडे पिढ्यांपासून होती. भुवयांतसुद्धा त्यांच्या कापूस अडकलेला असायचा.

दार बरं होतं. मी चेहरा पाडला, टिचक्या मारल्या, आणि मग चौकट पाहायची म्हणून आत जाऊन मान वर केली.

घुमटाच्या पोटात, अगदी मधोमध, चुन्याच्या गिलाव्यात कोरलेलं एक मोठं गोल फूल होतं. फूल म्हणजे बारा टोकांची चांदणी, तिच्याभोवती षटकोन, त्यांच्याभोवती आणखी चांदण्या, बाहेर जाताना वाढत गेलेल्या. घुमट भिंतीला मिळतो तिथून चांदण्यांचाच एक पट्टा खोलीभर फिरलेला. उदबत्तीच्या धुराने सगळं काळवंडलं होतं, बऱ्याच जागा ओल धरून फुगल्या होत्या. मी अचलपूर पालथं घातलं होतं, पण असं काम मी पाहिलं नव्हतं. माझा चेहरा पाडलेलाच राहिला का, ते मला सांगता येणार नाही.

"हे बी काढूनच टाकून राहिलो," चाचा म्हणाले. "मागच्या जुम्मेरातले एका बाईच्या डोक्यावर खपला पडला. लेकरू होतं तिच्या कडेवर. वरतून पीओपी करू, पांढरं सफेद."

त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. लेकराच्या डोक्यावर पडलं असतं तर? पण मला एकदम घाई सुटल्यासारखं झालं.

"चाचा, दाराचं मंग बोलू. मले हे छत कागदावर काढू द्या. चार-आठ दिवस. मी परांची लावतो, माह्या खर्चानं."

सेक्रेटरीने विचारलं, "काढून काय करान?"

"काई नाई. ठेवीन."

"मंग फोटो काढा न. मोबाइल हाय तुमच्यापाशी."

"फोटोत मापं येत नाईत. मापं घ्या लागतीन."

मापं म्हटल्याबरोबर बाहेर ओट्यावर बसलेले दोन-तीन जण उठून आत आले. सेक्रेटरीचा आवाज बदलला. "मापं कोणाले पायजे, सेठ?"

"मले."

"तुमाले कोणी पाठवलं?"

"मले कोण पाठवते? मी स्वतःच्या पायानं आलो, तुमीच बलावलं."

"दारासाठी बलावलं. दर्ग्याचं मोजमाप कराले नाई बलावलं. याचे पैसे कोण देऊन राहिलं तुमाले?"

"कोणी नाई देत."

"म्हंजे फुकट परांची, फुकट आठ दिवस." तो मागच्या लोकांकडे वळून म्हणाला, "अमरावतीचा पुराना लकडीवाला, अन् म्हणते मले काई नको." मागून कोणीतरी हसलं. कोणीतरी खाली पुरलेल्या सोन्याच्या हंड्याचं काहीतरी बोललं. चाचा माझ्याकडे पाहायचे थांबले.

मला समजत होतं ते कशाला भितात. आजकाल कोणी टेप घेऊन दर्ग्यात शिरलं तर तो उद्या जागेच्या हक्काचा कागद घेऊन येईल, ही भीती उगीच नाही. पण त्या हॉलमधला फोटो माझ्या डोक्यात अजून गरम होता. तिथे मी वारशाचा खाटीक, इथे मी कोणाचा तरी हेर. मी म्हटलं, "कदर असती तुमाले तं घण घेऊन उभे नसते राह्यले. माणसं हायत का दगडं?" आणखीही बोललो. ते लिहीत नाही.

सेक्रेटरीने माझा दंड धरला. जोरात नाही. "चला सेठ. बस भेटन अजून."

अकोल्याहून अमरावतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून त्या सगळ्यांना शिव्या दिल्या. शेजारचा माणूस उठून मागच्या सीटवर गेला. मग मूर्तिजापूरच्या आसपास डोकं जरा निवलं आणि धंद्याच्या बाजूने विचार सुरू झाला. समजा, माझ्या गोडाऊनवर एक माणूस आला आणि म्हणाला, मला काही घ्यायचं नाही, काही द्यायचं नाही, आठ दिवस तुमच्या मालात बसू द्या. मी काय केलं असतं? चांगला माल आधी मागच्या खोलीत हलवला असता आणि मग कुत्रं सोडलं असतं. ज्याला काय पाहिजे ते कळत नाही, त्याला आत घेता येत नाही. मला काय पाहिजे हे त्यांना कळलं पाहिजे होतं. कळेल असं काहीतरी मला पाहिजे असायला हवं होतं.

उरूस जवळ येत होता. मी थोडे दिवस जाऊ दिले, राग उतरला म्हणून नव्हे, तर लगेच परत जाणारं गिऱ्हाईक गरजू दिसतं म्हणून. मग गेलो. या वेळी मी थेट चाचांच्या दुकानात गेलो आणि गाद्यांच्या ढिगावर बसून दाराला शिव्या घालायला सुरुवात केली. खालची फळी सडली आहे. कडी मागाहून लावली आहे. चौकटीला वाळवी लागून गेली आहे. चाचांचे डोळे चमकायला लागले.

"वाळवी? कुठी हाय वाळवी? माह्या बापाच्या जमान्यापासून पाहतो मी थे दार!"

"मंग तुमच्या बापाच्या जमान्यापासून वाळवी हाय."

सेक्रेटरी आला, तो दारातच उभा राहिला. मी त्याच्याकडे न पाहता म्हटलं, "अन् थ्या छताचं. थे डिझाइन मले दरवाज्यावर कोराचं हाय. बंगल्यावाले लोकं असल्या कामाले पागल हायत. नागपूरले एक दरवाजा गेला तं माहं वर्ष निघते. म्हणून मापं पायजे होती."

नागपूरला असा कोणी बंगल्यावाला नव्हता. पण दुकानात जे झालं ते पाहण्यासारखं होतं. सेक्रेटरीने सुस्कारा सोडला आणि पहिल्यांदाच बसला. चाचांनी मांडीवर हात मारला. "असं सांग न लेका पह्यल्यांदा! मी रातभर इचार करून राहिलो का याले काय पायजे असन." आणि दुकानातल्या पोराला न पाठवता स्वतः ओरडून समोरच्या हॉटेलात चहा सांगितला, जादा दुधाचा. माझा लोभ सापडला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर लगेच त्यांचा भाव सुरू झाला, हेही सांगायला हवं. तुम्ही डिझाइनवर कमावणार तर दर्ग्याला काय? मी म्हटलं, जे तुम्ही फोडून उकिरड्यावर टाकणार त्याचे पैसे मागता? सेक्रेटरी म्हणाला, मग नका नेऊ. मी उठलो, दोन पावलं गेलो, चाचांनी बोलावलं. मग ते उठले, मी बसवलं. त्या दुकानात कापसाचे कण उडत होते आणि आम्ही तिघं घसा फोडून भांडत होतो, आणि मला आत कुठेतरी फार बरं वाटत होतं. एवढा वेळ कोणी माझ्याशी बोललं त्याला किती दिवस झाले होते ते मी आठवायला गेलो नाही. शेवटी ठरलं ते असं: मला घुमटाखाली बसू द्यायचं, उरुसाची साफसफाई सुरू होईपर्यंत. बदल्यात मी दर्ग्याला नवं सागवानी दार द्यायचं, त्याच डिझाइनचं, उरुसाआधी बसवून. जुनं दार माझं. चाचांनी माझा हात दोन्ही हातांत धरून सौदा पक्का केला. मी जिंकलो की हरलो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पहिल्या दिवशी जे फुकट मागितलं होतं ते मी एका दाराच्या किमतीला विकत घेतलं होतं.

मी अकोल्याला बसस्टँडजवळ लॉजमध्ये खोली घेतली. सकाळी जायचं, परांचीवर चढायचं, पाठीखाली चाचांनी दिलेली जुनी गादी. झोपून काढायचं. मान वर करून काढलं तर हात थरथरतो. इतक्या जवळून पाहिल्यावर खालून न दिसणाऱ्या गोष्टी दिसायला लागल्या. मधल्या चांदणीच्या पोटात एक बारीक भोक होतं. कारागिराने तिथे खिळा ठोकून दोरी बांधली असणार आणि ओल्या चुन्यावर गोल फिरवला असणार. त्याच्या दोरीच्या हलक्या रेघा नक्षीच्या खाली अजून होत्या. एके ठिकाणी त्याने एक रेघ ओढली होती आणि मग विचार बदलून तिच्या शेजारी दुसरी. पहिली पुसायची तसदीही घेतली नव्हती. खालून कोण पाहतो? शेकडो वर्षांत कोणी पाहिली नसेल. मी माझ्या कागदावर दोन्ही रेघा काढल्या.

भिंतीवरच्या पट्ट्यात मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. दाराच्या उजव्या बाजूने चांदण्या सुरू होत्या आणि खोलीला वळसा घालून परत तिथेच येत होत्या. पण चारही भिंती सारख्या नव्हत्या, एक जरा आखूड होती. त्या भिंतीवर कारागिराने प्रत्येक चांदणी केसाएवढी आवळत आणली होती आणि शेवटची, दाराच्या अगदी कोपऱ्यात, जास्त अरुंद करून बसवून टाकली होती. त्याने चूक केलेली नव्हती आणि कुठला मोठा अर्थही त्यात भरलेला नव्हता. भिंतीने जागा कमी दिली, याने थोडं थोडं सगळ्यांकडून कापून घेतलं आणि उरलेला बोजा कोपऱ्यावर टाकला, जिथे दारातून आत येणाऱ्याची पाठ असते. माझ्या धंद्यात मी हेच करत आलो. पडल्या पडल्या मी एकटाच हसलो. हे त्या बाईंना सांगितलं असतं तर त्यांना आवडलं असतं, असं वाटलं. मग परत फोटो आठवला आणि हसू गेलं.

संध्याकाळी लॉजवर मी दिवसाचे कागद पलंगावर जोडून पाहायचो. पलंग त्यांनीच भरून जायचा, म्हणून मी खाली चटईवर झोपायचो. लॉजचा मॅनेजर एकदा पाणी द्यायला आला, पलंगाकडे पाहून म्हणाला, "सर्व्हे हाय का?" मी म्हटलं, "दरवाज्याचं डिझाइन." "असं असं," म्हणून तो गेला. ते खोटं आता जिभेवर इतकं बसलं होतं की खरं कोणी विचारलं असतं तर मला शब्द सापडले नसते.

शेवटच्या दिवशी चाचा परांचीवर चढले. त्या वयात बांबू धरत, गुडघ्यांना आणि मला शिव्या देत. वर येऊन माझ्या शेजारी आडवे झाले, कारण तिथे बसायला उंची नव्हती. लहानपणापासून त्यांनी रोज ज्याच्याखाली झाडलं, ते त्यांच्या नाकासमोर हातभर अंतरावर होतं. मी बॅटरी धरली, खिळ्याचं भोक दाखवलं, दुसऱ्यांदा ओढलेली रेघ दाखवली. त्यांनी बोट लावलं. चुना भुरभुरला.

"राहत नाई हे," ते म्हणाले.

"नाई राहत." खरंच राहण्यासारखं नव्हतं. मागे ओल पार विटांपर्यंत गेली होती. दुरुस्ती करणारे लोक असतील कुठेतरी मोठ्या शहरांत, पण या गावाला ते परवडणारे नव्हते आणि मलाही नव्हते.

थोड्या वेळाने ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दरवाज्याचं झूट होतं न तुहं?"

मी बॅटरी बंद केली. "पह्यल्या दिवशी खरं बोललो होतो, चाचा. तुमी हाकलून देल्लं."

"हो," ते म्हणाले. "हाकललं खरं." माफी वगैरे काही नाही. छताकडे पाहतच होते. मग म्हणाले, "पण दार तं द्याच लागन. जबान देली तू."

"देतो न. कोण नाई म्हणून राहिलं?"

"सागाचंच पायजे. बाभळीवर पॉलिश मारून आणशीन तं वापस."

दुसऱ्या दिवशी गिलावा पाडला. मी थांबलो नाही. माझे कागद पत्र्याच्या नळीत घातले आणि सकाळच्या बसने निघालो. मला निरोप द्यायला कोणी आलं नव्हतं, सगळे कामात होते.

दार मी माझ्या गोडाऊनमधल्या सगळ्यात चांगल्या तुळईतून काढलं. सुताराने डिझाइन पाहून जास्त मजुरी मागितली, त्याच्याशी भांडलो, मग दिली. एका फळीच्या कोपऱ्यात चांदणी अरुंद ठेवायला सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "सेठ, गिऱ्हाईक बोंबलन." मी म्हटलं, बोंबलू दे. उरुसाआधी दार बसलं. सेक्रेटरीने जमलेल्या लोकांना माझी ओळख करून दिली, "हे अमरावतीचे सेठ, दर्ग्याचं डिझाइन यायनं धंद्यासाठी घेतलं, बदल्यात दार देल्लं." लोकांनी माना डोलावल्या. सगळ्यांना पटण्यासारखी गोष्ट होती. वर पांढरंशुभ्र पीओपी होतं, मधे पंख्याचा हूक.

कागद माझ्या घरी आहेत. सगळे जोडले तर हॉलची फरशी भरते, म्हणून मी ते जोडत नाही. त्या मंडळाच्या बाईंचा मधे फोन आला होता, कोणाकडून तरी ऐकून. "तुमच्याकडे काही ड्रॉइंग्ज आहेत म्हणे?" मी म्हटलं, "गोडाऊनचा पत्ता माहीत आहे तुम्हाला. फोटो काढून गेलात." त्या म्हणाल्या, मी येऊ का? मी म्हटलं, पाहू. अजून बोलावलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात चाचांचा फोन आला. "काय दार देल्लं बे! अटकते. उघडाले दोन माणसं लागतात. मुरलेला साग म्हणून फसवलं आमाले." सागाला कितीही मुरवा, ओल्या हवेत थोडा फुगतोच, आणि नव्या फरशीने उंबरठाही वर आला होता. अशा कामाला मी माणूस पाठवतो. पण रंधा पिशवीत घालून मी स्वतः गेलो. चाचा ओट्यावर बसून मी कसा वाईट व्यापारी आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, मी दार उतरवून त्यांना उलट उत्तरं देत होतो. दोनदा चहा झाला. दुपार सरत आली तेव्हा दार बसवलं. ते उघडलं, लागलं.

"जादा घासलं नाई न?" चाचांनी विचारलं.

नव्हतं घासलं. नखाएवढं काढलं होतं, त्या पावसापुरतं.